अंड्यावरून पक्षी ओळखायचा कसा: आधी जागा, मग आकार, रंग सर्वांत शेवटी

निळं अंडं दिसलं की बहुतेक जण लगेच विचारतात, "हे कुठल्या पक्ष्याचं?" नुसत्या रंगावरून या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर जवळजवळ कधीच देता येत नाही. साळुंकी, सातभाई, चातक, वंचक, दयाळ, कावळा या सगळ्यांच्या अंड्यांत निळसर किंवा हिरवट छटा असते. पांढऱ्या अंड्यांची यादी तर याहून कितीतरी मोठी. रंग उपयोगाचा आहेच, पण शक्यता चार-पाच जातींवर आल्यावर. तोवर घरट्याची जागा, घरट्याची बांधणी, अंड्यांची संख्या, घाट (म्हणजे आकार) आणि लांबी या गोष्टी जास्त सांगून जातात. त्याच क्रमाने कसं बघायचं ते इथे लिहितो आहे.

बघण्याआधीचे नियम

रानातल्या पक्ष्यांची अंडी उचलायची नाहीत, फिरवायची नाहीत, मोजपट्टी लावायला हातात घ्यायची नाहीत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हे 'शिकार' या व्याख्येतच येतं. ब्रिटनमध्ये १९५४ पासून आणि अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे अशीच बंदी आहे. पण मला कायद्यापेक्षा घरट्याची काळजी जास्त वाटते. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून पक्षी अंडी टाकून देतात, असं लोक सांगतात. प्रत्यक्षात घरटं सोडलं जातं ते वारंवारच्या त्रासामुळे. आणि आपण झुडपात वाकून बघतो तेव्हा वरच्या फांदीवरचा कावळाही आपल्याकडेच बघत असतो, हे विसरू नये.

म्हणून दुर्बिणीतून किंवा झूम लावून बघायचं, फ्लॅश वापरायचा नाही, फोटोसाठी पानं-फांद्या बाजूला सारायच्या नाहीत. पक्षी सतत ओरडत डोक्यावर घिरट्या घालत असेल किंवा जवळ तोंडात किडा घेऊन थांबला असेल, तर लगेच मागे फिरायचं. कडक उन्हात आणि पावसात घरट्याजवळ जाणंच टाळावं. अशा वेळी पक्षी थोडा वेळ उठला तरी अंड्यातलं पिल्लू मरू शकतं. घरट्याचं नेमकं ठिकाण कुठेही जाहीर करू नये.

हे पक्ष्याचंच अंडं आहे ना?

भिंतीच्या फटीत किंवा दाराच्या चौकटीमागे साधारण एक सेंटिमीटरचं, गोलसर, पांढरं, टणक अंडं चिकटलेलं असेल तर ते पालीचं. मातीत पुरलेली, लांबट, चामड्यासारख्या मऊ कवचाची पांढरी अंडी सरड्याची किंवा सापाची असू शकतात, त्यांना अजिबात हात लावू नये. आजच्या पक्ष्यांत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत रंगीत कवचाची अंडी फक्त पक्षी घालतात. २०१८ मध्ये काही डायनोसॉरच्या अंड्यांच्या जीवाश्मांतही हीच रंगद्रव्यं सापडली, म्हणजे हा वारसा पक्ष्यांहूनही जुना आहे. त्यामुळे अंड्यावर ठिपके किंवा रंग दिसला की हा प्रश्न तिथेच मिटतो. शंका उरते ती फक्त पांढऱ्या अंड्यांची.

पहिली पायरी: जागा आणि घरटं

जागेवरून निम्म्याहून अधिक शक्यता गळतात. आधी एवढंच टिपा: घरटं बिळात किंवा ढोलीत आहे, उघड्या वाटीसारखं आहे, काटक्यांचा चौथरा आहे, लोंबतं किंवा बंद आहे, जमिनीवर आहे की पाण्यावर तरंगतं आहे.

बिळात आणि ढोलीत बहुधा पांढरी अंडी सापडतात. खंड्या, वेडा राघू, तांबट, सुतार, पोपट, नीलपंख, घुबडं, पिंगळा या सगळ्यांची अंडी पांढरी आणि बिनठिपक्यांची. अंधारात ती लपवायची गरज नाही, उलट आत शिरलेल्या पक्ष्याला ती नीट दिसलेली बरी, असं याचं कारण मानलं जातं. यांच्यात रंगावरून फरक करता येणारच नाही, तेव्हा भोकाकडे बघा. मातीच्या कड्यात आडवं बीळ असेल तर खंड्या किंवा वेडा राघू. वाळक्या फांदीला कोरलेलं गोल, स्वच्छ भोक असेल तर तांबट किंवा सुतार. जुनी, वेडीवाकडी ढोली असेल तर पोपट किंवा पिंगळा. घुबडांची आणि खंड्याची अंडी बरीच गोल असतात, हा एक जादा धागा.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. साळुंकी ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात राहते, पण तिची अंडी स्वच्छ फिकट निळी, बिनठिपक्यांची. दयाळही भोकातच घरटं करतो, मात्र त्याच्या निळसर-हिरवट अंड्यांवर तपकिरी डाग असतात. हुदहुदची अंडी ताजी असताना फिकट निळसर-राखाडी असतात आणि काही दिवसांत मळकट तपकिरी होतात. चिमणीच्या पांढुरक्या अंड्यांवर राखाडी-तपकिरी शिंतोडे असतात. एकाच घरट्यातलं शेवटचं अंडं बरेचदा बाकीच्यांपेक्षा फिकट निघतं, ते दुसऱ्या पक्ष्याचं समजू नये.

लोंबत्या आणि बंद घरट्यांत सुगरण आणि मुनिया यांची अंडी पांढरीशुभ्र. भारद्वाजच्या मोठ्या, घुमटी घरट्यातही पांढरी, पण खडूसारखी निस्तेज. शिंजीराच्या लोंबत्या पिशवीत मात्र दोन-तीन राखट अंडी असतात, तपकिरी शिंतोड्यांची.

काटक्यांच्या विरळ चौथऱ्यावर दोनच पांढरी अंडी असतील आणि खालून उजेड दिसत असेल, तर तो होला किंवा पारवा. उघड्यावरच्या घरट्यात पांढरी अंडी हा खरं तर धोका. पण नर आणि मादी आळीपाळीने जवळपास सतत बसून राहतात, त्यामुळे अंडी उघडी पडतच नाहीत.

दुसरी पायरी: संख्या आणि घाट

संख्या मोजताना एक पथ्य पाळा. अंडी घालणं पूर्ण झालं आहे का, हे माहीत नसेल तर आकड्यावर विसंबू नका. बहुतेक लहान पक्षी रोज एक अंडं घालतात, म्हणजे आज दोन दिसली तर परवा चार असू शकतात.

संख्या आणि घाट यांची जोडी सर्वांत जास्त कामाला येते ती उघड्या जमिनीवर. टिटवीची अंडी बहुधा चार, मातकट रंगाची, काळ्या-तपकिरी धब्ब्यांची, एका टोकाला भोवऱ्यासारखी निमुळती. ती निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली असतात, त्यामुळे चार मोठी अंडी कमी जागेत मावतात आणि पोटाखाली झाकली जातात. तशाच रंगाची, पण दोनच आणि कमी निमुळती असतील तर करवानक शोधा. तेही दोनच, पण गुलाबी-बदामी झाक असलेली, दोन्ही टोकांना सारखीच गोलाई, आणि खाली घरट्याचा पत्ताच नाही, नुसता पाचोळा, तर तो रातवा. नदीच्या वाळूच्या बेटावर दोन-तीन अंडी असतील आणि वर पक्षी सूर मारत असतील, तर नदी सुरय. गवताच्या बुडाशी अनेक बिनठिपक्यांची, मळकट साय-रंगी अंडी म्हणजे बहुधा तित्तर. या पाचही पक्ष्यांच्या अंड्यांचा रंग मातीशी मिळताजुळता आहे, म्हणून रंगापासून सुरुवात करणारा माणूस इथे हमखास अडकतो.

घाटाबद्दल २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १,४०० जातींची अंडी तपासल्यावर असं दिसलं, की दूरवर आणि जोरकस उडणाऱ्या पक्ष्यांची अंडी जास्त लांबट किंवा असमान टोकांची असण्याकडे कल आहे. हा सरासरीचा कल आहे, एखादं अंडं ओळखायला त्याचा आधार घेता येत नाही.

लांबी नजरेने अंदाजायची असते. काही मापं डोक्यात बसवून घ्या: राखी वटवट्याचं अंडं सुमारे दीड सेंटिमीटर, बुलबुल आणि चिमणी दोनच्या किंचित वर, साळुंकी तीन, कावळा पावणेचार, टिटवी सव्वाचार, कोंबडी साडेपाच ते सहा. घरट्याजवळचं पान किंवा फळ फोटोत आलं असेल तर नंतर त्याच्याशी ताडून बघता येतं.

तिसरी पायरी: मूळ रंग

पक्ष्यांच्या अंड्यांचे सगळे रंग मुख्यतः दोन रंगद्रव्यांतून येतात. बिलिव्हर्डिन निळा-हिरवा रंग देतं, प्रोटोपॉर्फिरिन तांबूस-तपकिरी. कवच स्वतः कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे पांढरंच. पहिल्या द्रव्याने बहुधा पूर्ण कवच रंगतं, तर दुसरं बरेचदा ठिपके आणि डाग बनून येतं. दोन्ही एकत्र आली की ऑलिव्ह छटा मिळते. हे एवढं कळलं की अंड्याचा रंग दोन भागांत वाचायची सवय लागते: खालचा मूळ रंग कोणता, आणि त्यावर काय सांडलं आहे.

मूळ रंग ठरवताना उजेडाचा विचार करा. पानांच्या हिरव्या सावलीत पांढरं अंडं हिरवट दिसतं, मोकळ्या सावलीत निळसर, संध्याकाळी पिवळं. फोटोत घरट्याची वाळलेली काडी किंवा पक्ष्याचं पांढरं पीस असेल तर आधी त्याचा रंग खरा वाटतो का ते पाहा. शिवाय अंडी मळतात. टिबुकली पाण्यावरच्या घरट्यात पांढरी अंडी घालते, पण उठताना ती ओल्या पाणवनस्पतींनी झाकत असल्याने थोड्या दिवसांत ती तपकिरी होतात. पाणकावळ्याच्या निळसर अंड्यांवर खडूसारखा पांढरा थर असतो, तो खरवडला गेला की खालचा निळा दिसतो.

आता त्या निळ्या अंड्याकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. झुडपातल्या किंवा झाडातल्या वाटीसारख्या घरट्यात तीन-चार गडद, चकचकीत निळी-हिरवी, एकही ठिपका नसलेली अंडी दिसली तर ती सातभाईंची. पण तेवढ्यावर थांबू नका. चातक आणि पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात आणि त्यांचाही रंग तसाच निळा असतो. एखादं अंडं बाकीच्यांपेक्षा किंचित मोठं किंवा गोल वाटलं तर शंका नोंदवायला हरकत नाही, खात्री मात्र पिल्लू मोठं झाल्यावरच. तसाच निळा, पण फिकट आणि ढोलीत: साळुंकी. फिकट निळा-हिरवा, काटक्यांचा चौथरा, झाडावर वसाहत, खाली विष्ठेचा सडा: वंचक किंवा बगळे. निळसर हिरव्यावर तपकिरी शिंतोडे, मोठं काटक्यांचं घरटं: कावळा. कावळ्याच्या घरट्यात एखादं लहान, राखट-हिरवट, तांबूस ठिपक्यांचं अंडं वेगळं उठून दिसलं तर ते कोकिळेचं. अमेरिकेतल्या रॉबिनचं अंडं बिनठिपक्याचं निळं आणि युरोपातल्या साँग थ्रशचं निळ्यावर मोजके काळे ठिपके असलेलं. दोघेही एकाच कुळातले.

काही अंडी मात्र रंगावरूनच थेट ओळखता येतात. राखी वटवट्याचं इवलंसं अंडं विटकरी लाल आणि इतकं चकचकीत असतं, की एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही. कांस्यपंखी कमळपक्ष्याची अंडी चकाकत्या तपकिरी रंगाची, त्यावर काळ्या रेघोट्यांचं जाळं, आणि तीही तरंगत्या पानांवर. दक्षिण अमेरिकेतल्या टिनामूंची अंडी हिरवी, निळी, जांभळट आणि आरशासारखी गुळगुळीत.

चौथी पायरी: खुणा

खुणांसाठी शब्द पक्के असले की नोंद नेमकी होते. बारीक ते शिंतोडे, गोल ते ठिपके, मोठे बेढब ते धब्बे, आणि लांब वळणदार त्या रेघोट्या. यातल्या कुठल्या आहेत आणि कुठे दाटल्या आहेत, हे लिहा. बहुतेक ठिपकेदार अंड्यांवर रुंद टोकाकडे गर्दी असते. कधी तिथे टोपी तयार होते, कधी कडं. लालबुड्या बुलबुलाच्या गुलाबीसर अंड्यावर गडद लाल शिंतोडे सगळीकडे असतात आणि रुंद टोकाला दाटतात. शिंप्याचं अंडंही तांबूस ठिपक्यांचं, पण खूपच लहान, आणि घरटं शिवलेल्या पानात, त्यामुळे गोंधळ होऊ नये. हळद्याच्या पांढऱ्या अंड्यावर मोजके, सुटे काळे ठिपके. घारीच्या मळकट पांढऱ्या अंड्यावर तांबूस-तपकिरी धब्बे.

नीट पाहिलं तर काही डाग राखाडी किंवा जांभळट, पुसट दिसतात. तो वेगळा रंग नव्हे. तेच तपकिरी द्रव्य कवच तयार होताना लवकर सांडलं आणि वरून कवचाचा आणखी थर चढला, म्हणून ते पुसट झालं. टिटवीच्या अंड्यावर वरचे काळे आणि आतले राखाडी, असे दोन्ही एकाच वेळी दिसतात. रेघोट्या आणि ओढल्यासारखे डाग पडतात ते रंग ओला असताना अंडं फिरल्यामुळे.

एकाच जातीतही खुणा बदलतात. समुद्रकड्यांवर दाटीवाटीने राहणाऱ्या गिलिमॉट पक्ष्यांच्या प्रत्येक मादीचं अंडं वेगळं असतं आणि ती त्यावरून आपलं अंडं ओळखते. त्यामुळे चित्रातल्या अंड्याशी तंतोतंत जुळत नाही म्हणून जात नाकारू नका. पाहायचा तो खुणांचा प्रकार आणि त्यांची मांडणी.

पाळीव पक्ष्यांची अंडी

इथे हातात घेऊन, तोलून, फोडून बघता येतं, म्हणून शिकायला हीच उत्तम. कोंबडीच्या शरीरात एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले सुमारे २० तास कवचग्रंथीत जातात. तपकिरी रंग बहुतांशी शेवटच्या काही तासांत बाहेरून चढतो. म्हणून तपकिरी अंडं फोडलं तर कवच आतून पांढरं निघतं. निळं अंडं फोडा, ते आतूनही निळं असतं. ऑलिव्ह अंडं आतून निळसर आणि वरून तपकिरी. ही एक चाचणी सगळ्या कोंबड्यांच्या अंड्यांची तीन गटांत वाटणी करून देते.

लेगहॉर्नचं अंडं पांढरं, ऱ्होड आयलंड रेडचं तपकिरी, कडकनाथ आणि असीलचं फिकट बदामी, फ्रान्समधल्या मारान्सचं गडद चॉकलेटी. मारान्सचा रंग ताजा असताना ओल्या फडक्याने थोडा निघतोही. चिलीमधल्या अराउकाना कोंबडीचं अंडं निळं. एका जुन्या विषाणूचा अंश कोंबडीच्या जनुकांत शिरून बसल्याने हा रंग आला, हे २०१३ मध्ये उलगडलं, आणि चीनमधल्या काही कोंबड्यांत तोच बदल स्वतंत्रपणे झालेला आढळला. कानाची पाळी पांढरी असेल तर अंडं पांढरं आणि लाल असेल तर तपकिरी, हा पाळणाऱ्यांचा ठोकताळा बरेचदा जुळतो, पण अराउकाना तो मोडते. खाद्याने कवचाचा रंग ठरत नाही, खाद्य बदललं की बदलतो तो बलकाचा रंग. अंडी घालण्याचा हंगाम जसा लांबतो तसा तपकिरी रंग फिका पडतो. अंड्यातल्या पोषणाचा कवचाच्या रंगाशी संबंध नाही.

बदकाचं अंडं कोंबडीपेक्षा मोठं, गुळगुळीत, हाताला किंचित मेणचट लागतं. रंग पांढरा, किंवा फिकट निळा-हिरवा. कॅयुगा जातीची बदकं हंगामाच्या सुरुवातीला काळपट अंडी घालतात. तो काळा रंग वरच्या पातळ थरात असतो आणि पुढची अंडी उजळत जातात. गूजचं (पाळीव हंसाचं) अंडं भलंमोठं, पांढरं, निस्तेज, साधारण १५० ग्रॅमचं. टर्कीचं साय-रंगी, त्यावर तपकिरी शिंतोडे. गिनी फाउलचं कोंबडीपेक्षा लहान, एका टोकाला चांगलंच निमुळतं, आणि कवच इतकं टणक की फोडतानाच ओळख पटते. जपानी बटेराचं तीन सेंटिमीटरचं, दहा-बारा ग्रॅमचं, काळ्या-तपकिरी धब्ब्यांनी भरलेलं. प्रत्येक मादीची नक्षी ठरलेली असते, त्यामुळे पिंजऱ्यात चार माद्या असल्या तरी कोणतं अंडं कुणाचं हे काही दिवसांत कळायला लागतं. इमूचं गडद हिरवं, खडबडीत. त्याच्या कवचात गडद, फिकट आणि पांढरे असे थर असतात. शहामृगाचं साय-रंगी, सुमारे १५ सेंटिमीटर लांब, साधारण १.४ किलो.

अतिनील टॉर्च असेल तर अंधारात तपकिरी अंड्यावर मारून पाहा. प्रोटोपॉर्फिरिन लालसर चमकतं. पांढऱ्या अंड्यावर चमक फारच कमी दिसते.

जमिनीवर पडलेलं कवच

बहुतेकांना घरटं दिसत नाही, दिसतं ते वाटेवर पडलेलं कवच. पिल्लू बाहेर येताना रुंद टोकाजवळ गोलाकार टोचत जातं, त्यामुळे टोपी उघडावी तशी कड निघते आणि आतला पापुद्रा कोरडा, सुटलेला असतो. आई-बाप असं कवच चोचीत धरून घरट्यापासून दूर टाकतात. म्हणजे कवचाच्या वर झाड असलं तरी घरटं तिथेच असेल असं नाही. भोक बाजूला, कड वेडीवाकडी, आत बलक चिकटलेला, तर ते कुणीतरी खाल्लेलं आहे. बहुतेक साप अंडं अख्खं गिळतात, मागे काही ठेवत नाहीत.

असं कवच जागेवरच ठेवून पांढऱ्या कागदाशेजारी, मोजपट्टीसह, बाहेरून आणि आतून फोटो घ्या. उन्हात पडून राहिलेल्या कवचाचा रंग उडतो, म्हणून आतली बाजू आणि तुटलेली कड जास्त विश्वासाची. पातळ कवचही नोंदवा. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतल्या अंड्यांशी तुलना करून दाखवलं, की ब्रिटनमधल्या बहिरी ससाण्यांच्या अंड्यांचं कवच पातळ झालं आहे, आणि त्यामागे डीडीटी हे कीटकनाशक होतं.

नोंद कशी लिहावी

तारीख, अधिवास, घरट्याची जागा आणि उंची, बांधणी, अंड्यांची संख्या, अंदाजे लांबी, घाट, मूळ रंग, खुणांचा प्रकार, त्यांची दाटी कुठे. त्याखाली वेगळ्या ओळीत: घरट्यावर बसताना दिसलेला पक्षी. ही ओळ रिकामी असेल तर जातीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. दूर उभं राहून अर्धा तास वाट पाहिली तर बरेचदा पक्षी परत येऊन बसतो आणि प्रश्नचिन्ह खोडता येतं. तो जवळपास घुटमळतो आहे पण बसत नाही, असं दिसलं तर आपण अजूनही फार जवळ उभे आहोत. तेव्हा आणखी मागे सरका, किंवा त्या दिवशीची नोंद तशीच अर्धवट ठेवून निघा.